न्हाणीचा रंग

आमच्या घराची न्हाणी मागच्या पडवीच्या टोकाला होती. आत एका अंगाला चुलाण आणि त्यावर तांब्याचा हंडा. दुसऱ्या अंगाला दगडी डोण. विहिरीवरच्या रहाटाचे पाणी पन्हळीतून थेट या डोणीत पडे. मधे बसायचा धोंडा, कोपऱ्यात मोरी, उजेडाला एकच झरोका. भिंती कमरेपर्यंत कावेने तांबड्या केलेल्या आणि त्याच्या वर धुराने काळ्या. मुरूडच्या आसपासच्या बहुतेक बागायतदारांच्या न्हाण्या अशाच असत. त्यांच्या रंगाविषयी कोणी कधी बोलल्याचे मला आठवत नाही.

सन तीसनंतरची ही हकीकत आहे. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर माझा धाकटा भाऊ दिघीहून परत येताना बुडाला. तो बाविशीचा होता, लग्न व्हायचे होते. दिघीला नात्यातल्या एका बागेतल्या सुपारीची व्यवस्था लावून तो निघाला. आगरदांड्याकडे येणारी होडी खाडीच्या ओढीत आडवी झाली. बाकीचे लोक उलटलेल्या होडीला धरून राहिले आणि वाचले. त्याला पोहता येत होते, म्हणून तो किनाऱ्याकडे निघाला.

मी तेव्हा मुंबईत एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. आमच्या पत्रात ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली. तिचे मुद्रित मीच वाचले. त्यात नाव नव्हते. घरची तार त्यानंतर मिळाली.

मी घरी पोहोचलो तेव्हा देह नुकताच सापडला होता. तिवरांच्या मुळांत अडकला होता. कोळ्यांनी तो शिडाच्या कापडात गुंडाळून अंगणात आणून ठेवला आणि कापड सोडू नका असे वडिलांना बजावले. आईने ते सोडले. खाडीतल्या जनावरांनी जे करायचे ते केले होते. तिने कापड पुन्हा होते तसे झाकले.

देह बाहेर गेल्यावर घरातल्या बायकांनी रीतीप्रमाणे आंघोळी केल्या. आई न्हाणीत गेली. भिंतीवर पाणी उडाले की काव सुटे आणि मोरीतून तांबूस पाणी वाहे. हे आम्ही जन्मापासून पाहत होतो. आई अर्धवट भिजलेली बाहेर आली. पडवीत उभी राहून ती माझ्या आत्याला म्हणाली, "वन्सं, मोरीतून रक्त जातंय."

"काव आहे ती, वहिनी," आत्या म्हणाली. "नेहमीची काव."

"हो," आई म्हणाली. त्यानंतर ती न्हाणीत गेली नाही.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. बालपणी विधवा झालेली, लाल आलवण नेसणारी, घरातले सगळे सोवळे तिच्या हाती. आंघोळ न केलेल्या बाईला आमच्याकडे स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नसे, देवांजवळ जाता येत नसे, पिण्याच्या पाण्याला हात लावता येत नसे. आई आंघोळ करीत नव्हती, म्हणून ती आपोआप या सगळ्यातून बाहेर पडली. ती मागच्या पडवीत बसू लागली. महिन्याच्या चार दिवसांत घरातल्या बायका जिथे बसत तीच ती जागा. तिथेच तिची घोंगडी, तिथेच तिचे ताट. आत्या ताट लांबून सरकवी. यात दुष्टावा नव्हता. आत्याला दुसरी पद्धत ठाऊक नव्हती आणि आईलाही नव्हती. ओल्या फडक्याने अंग पुसू म्हटले तर आई पाय तेवढे पुढे करी. केसांच्या जटा झाल्या. विहिरीवर, तळ्यावर नेऊन पाहिले. पाणी बघितले की ती जमिनीवर बसे आणि दोन माणसांनाही उठवता येत नसे. संक्रांतीला शेजारच्या बायका आमच्या दारावरून तशाच पुढे गेल्या. आमच्याकडे सुतकाचे वर्ष होते, तेव्हा त्यांना कारण शोधावे लागले नाही.

अलिबागहून एक वृद्ध डॉक्टर आणले. ते आईशी बोलले, न्हाणीत डोकावले, आणि वडिलांना म्हणाले, "आधी ती तांबडी भिंत घालवा. डोळ्याला शांत वाटेल असा काहीतरी मंद रंग द्या. भडक नको, पांढराशुभ्रही नको. त्यांचा त्यांना निवडू द्या. कोमट पाण्यात बसायला लागल्या तर निम्मं काम होईल."

"आणि नाही लागल्या तर?" वडिलांनी विचारले.

"तर मग मुंबईकडे न्यावं लागेल. वेड्यांच्या इस्पितळात. घरी अशा किती दिवस ठेवाल? अंगावर जखमा व्हायला लागल्यात."

पावसाळ्यात आगबोट बंद होई, आणि अशा बाईला बैलगाडीने घाटवाटेने नेणे वडिलांना मान्य नव्हते. तेव्हा शेवटच्या आगबोटीपर्यंत आई आंघोळीला बसली तर घरी, नाही तर इस्पितळात, असे ठरले. हे आईच्या समोरच ठरले. तिने काही ऐकल्याचे दिसले नाही.

शिमग्याच्या सुमारास मी रजा घेऊन आलो. निघण्यापूर्वी मुंबईत एका रंगवाल्याच्या दुकानात गेलो होतो. मंद रंग हवा, न्हाणीसाठी, असे सांगितल्यावर गुजराती दुकानदार हसला.

"न्हाणीमां रंग कोण बघते, भाई? तिकडे तर डोळ्यात साबण असते."

तरी त्याने रंगांच्या चौकटींचा एक छापील पुठ्ठा दिला. हस्तिदंती, कबुतरी, धुरकट, चंदनी असे वीसेक रंग. ते तेलाचे रंग होते. आमच्या गवंड्याने पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट केला आणि परत दिला.

"ह्ये दिवानखान्याचं काम, धनी. वलीच्या भितीवर त्याल न्हाय टिकायचं. फोड येतील. चुनाच घाला, चुन्यात काय व्हवं तो रंग मिळवू."

चुना आमच्याकडे शिंपल्यांचा. भट्टीवरून आणून तो पिंपात विझवीत. रंगासाठी पिवळी माती, कपड्याची नीळ आणि करवंटीचा कोळसा. काव सोडून जे काही गावात मिळत होते ते एवढेच.

आत्याचा विरोध होता. "वर्ष व्हायच्या आत घराला रंग काढणार? लोक काय म्हणतील?"

"घराला नाही. न्हाणीला," वडील म्हणाले.

"न्हाणी काय घराबाहेर आहे?"

"तुझी वहिनी घराबाहेर आहे, ते बघ."

आत्याने मग एक अट घातली. न्हाणीतल्या डोणीत घराचे सोवळ्याचे पाणी होते. त्याच पाण्याने स्वयंपाक होई, त्यानेच देव धुतले जात. गवंडी आत गेला की डोण उपसायची, राखेने घासायची, पुन्हा भरायची. रहाटावर तेवढ्यासाठी बैल जुंपायचे. म्हणून गवंड्याने एकदाच आत यावे आणि काम संपवून जावे. पुन्हा पुन्हा येऊन नमुने लावून बघणे चालणार नाही. वडिलांना हे वाजवी वाटले. मलाही वाटले. नमुने बाहेर लावायचे ठरले: मागच्या पडवीच्या भिंतीवर, आई बसे तिच्या समोर. तिथे तिला ते दिवसभर दिसणार होते. त्यापेक्षा चांगली जागा नाही, असे आमच्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी म्हटले.

पडवी पश्चिमेला उघडी. दुपारी खारा वारा आणि ऊन थेट आत येई, आणि ओला चुना तासाभरात वाळून खडखडीत होई. गवंडी सकाळी येऊन हातभर चौकोन रंगवून जाई. मी आईजवळ बसे. ती बोलत नसे, पण रंगांविषयी विचारले की उत्तर देई. एवढ्या महिन्यांत ती दुसऱ्या कशाविषयी बोलली नव्हती, म्हणून आम्ही विचारीत राहिलो.

पहिला फिका पिवळा होता. "कावीळ झालेल्या माणसाचे डोळे," ती म्हणाली.

मग निळीचा हात दिलेला पांढरा. त्याकडे तिने बराच वेळ पाहिले. "नखं अशी होती त्याची."

तो मी गवंड्याला बोलावून लगेच खरवडून घेतला. त्यानंतरचा कोळशाचा करडा. "राख," ती म्हणाली. त्यात पिवळी माती वाढवली. "चिखल." नुसता पांढरा चुना तिने बघायचेच नाकारले, डोळ्यांवर पदर ओढून घेतला.

आत्या ताट सरकवताना भिंतीकडे बघून म्हणाली, "गोधडी झाली आमच्या पडवीची. आता सुई तेवढी आणा."

आई हसली. हसण्याचा आवाज असा नव्हता, पण तोंड हलले. आत्या ताट तसेच धरून उभी राहिली. मग जरा मोठ्याने म्हणाली, "आणि माझ्या आलवणाचं ठिगळ लावा मधे. तेवढंच राहिलंय."

"ते नको," आई म्हणाली. "ते तांबडं आहे."

पुढे गवंड्याने करड्यात नीळ आणि पिवळी माती दोन्ही थोडी थोडी मिळवली. वाळल्यावर त्याचा एक रंग झाला ज्याला आमच्याकडे नाव नव्हते. हिरवट म्हणावा तर हिरवा दिसत नसे. नारळाच्या वाळत आलेल्या झावळीची खालची बाजू असते, तसा काहीसा. उन्हात तो जवळजवळ पांढरा वाटे आणि सावलीत थंड. आई त्याच्याकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाहत होती. वडील देवळातून आले तेव्हा ती आपणहून म्हणाली, "हा असू दे."

"हा?" वडिलांनी चौकोनावर हात ठेवला.

"हा बरा आहे. हा काही बोलत नाही."

आत्याचे मत पडले की भिंतीला शेवाळ आल्यासारखे दिसेल. पण ती डोण उपसायला स्वतः उभी राहिली.

गवंड्याने काव आणि काजळी खरवडून काढली, भिंती धुतल्या आणि दोन हात दिले. वैशाख होता. न्हाणीचे दार आणि झरोका उघडा ठेवला. रंग पक्का धरावा म्हणून घरची सगळी माणसे त्या आठवड्यात विहिरीवर आंघोळ करीत होती. चुलाण पेटवले नव्हते, आत थेंब पाणी पडले नव्हते. न्हाणी पूर्ण वाळली तेव्हा पडवीत राखलेल्या त्या एका चौकोनाशी तिचा रंग तंतोतंत जुळला. वडिलांनी मला ते बोलावून दाखवले. धुराची खोली जाऊन तिथे एक स्वच्छ, निवांत जागा झाली होती. मला स्वतःला तिथे बसावेसे वाटले.

ज्या सकाळी आत्याने पुन्हा नारळाची सोडणे घालून चुलाण पेटवले त्या सकाळी आई कोणी न सांगता उठली. न्हाणीच्या दारात थोडी थांबली, भिंतीला हात लावला आणि आत गेली. आत्याने दार लोटून घेतले आणि बाहेर धुतलेले लुगडे घेऊन उभी राहिली. वडील आणि मी अंगणाच्या बाजूला होतो. तांब्याचा आवाज आला. पाण्याचा आला. वडील खाली बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत राहिले.

आवाज बराच वेळ चालू राहिला. सोडणांचा धूर विरला तरी आई येईना, म्हणून आत्याने दार किलकिले करून पाहिले आणि परत लोटले. मग मला हाक मारली. "तू बघ," ती म्हणाली. "ती नेसलेली आहे. बघ."

आई धोंड्यावर ओलेत्याने बसली होती. तांब्याने ती भिंतीवर पाणी मारीत होती. चुन्याचा रंग ओला असताना गडद असतो आणि वाळला की फिकटतो, हे चुना लावणारा कोणीही जाणतो. आम्ही तो वाळवून निवडला होता. न्हाणीत कढत पाण्याची वाफ धरली आणि पाणी उडाले, तशा भिंती खालून गडद होत वर चढल्या होत्या. तो फिकट, न बोलणारा रंग कुठेच नव्हता. होता तो काळपट हिरवा, किंचित पिवळसर, गढूळ. दिघी आणि आगरदांड्याच्या मधले पाणी भरतीच्या वेळी दिसते, अगदी तसा. माझ्या डोळ्यांसमोरच तो छपराकडे सरकत होता, आणि जिथे पोहोचला नव्हता तिथे आई पाणी फेकीत होती.

"वर राहिलंय," ती मला म्हणाली. तिचा आवाज पूर्वीसारखा होता, घरातल्या कामाविषयी बोलावे तसा. "तेवढं झालं की येते."

ती आली. लुगडे नेसली, आत्याकडून केस विंचरून घेतले. जटा सुटेनात तेव्हा कात्रीने कापू दिल्या. दुपारी ती स्वयंपाकघरात गेली आणि विळीवर बसून नारळ खवला. आत्याने मला डोळ्यांनी दटावले: बोलू नकोस. भिंतीविषयी मी वडिलांना सांगितले. ते आत जाऊन पाहून आले.

"तिला कळलं असेल?" त्यांनी विचारले.

"कळलं आहे."

"पण आंघोळ केली ना?"

"केली."

"मग राहू दे."

त्या आठवड्यात ती रोज न्हाणीत जात होती. रोज थोडा अधिक वेळ. भिंत वाळून फिकट झाली की ती आतून रिकामा हंडा वाजवून कढत पाणी मागे. पण ती बाहेर येई, जेवे, वाढू लागे, आणि एकदा शेजारची बाई आली तर तिच्याशी कैऱ्यांविषयी बोलली. शेवटची आगबोट मुरूडला लागली तेव्हा वडिलांनी आईचे बांधलेले गाठोडे सोडले आणि तिची लुगडी पुन्हा फडताळात ठेवली. डॉक्टरांना निरोप पाठवला की सुधारणा आहे. मीही रजा वाढवली आणि राहिलो. त्या रजेपायी पुढे ती नोकरी गेली.

मग पाऊस लागला. कोकणात त्या चार महिन्यांत भिंत वाळत नाही. न्हाणीला तर एकच झरोका, आणि तोही पावसाच्या अंगाला. भिंती सकाळी गडद, दुपारी गडद, संध्याकाळी गडद. आईला पाणी मारावे लागेना. ती सकाळी आत जाई आणि धोंड्यावर बसून राही. हाक मारली तर "आले" म्हणे. चुलाण विझे, पाणी गार होई, ती हलत नसे. आधी दुपारच्या जेवणाला येई. पुढे ताट तिथे नेऊन द्यावे लागे. आत्याच्या सोवळ्याचे पाणी त्याच डोणीत, म्हणून आत्याने एकदा कडक शब्दांत सांगून पाहिले.

"वहिनी, आता उठा. डोण विटाळेल."

"हळू बोला, वन्सं," जवळ कोणी निजले असावे तशी आई म्हणाली.

आत्या बाहेर आली आणि तिने त्या दिवसापासून पाणी माजघरात भरायला सुरुवात केली. तिच्या आयुष्यात तिने मोडलेली ही एकच रीत मला माहीत आहे.

वडिलांनी गवंड्याला बोलावले. तो इरले पांघरून आला आणि दारातूनच मान हलवली.

"आता न्हाय, धनी. पावसात चुना धरत न्हाय. आज लावला तर उद्या मोरीत."

"खरवडून तर काढ. नुसती माती राहू दे."

"काढतो. पन वयनी बसल्यात ना आत."

वडिलांनी आईला बाहेर आणण्यासाठी हाताला धरले. इतक्या वर्षांत मी त्यांना तिच्या हाताला धरताना पाहिले नव्हते. तिने प्रतिकार केला नाही. दारापर्यंत आली, बाहेरचे अंगण पाहिले आणि मग दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरले. ती अशी पकड होती की वडिलांनी स्वतःच सोडले. गवंडी पाठ फिरवून उभा होता. त्याने नंतर कधी मजुरीविषयी किंवा त्या कामाविषयी विषय काढला नाही.

श्रावणात तिला खोकला लागला. पायांची कातडी भिजून सुटू लागली. अलिबागचे डॉक्टर त्या पावसात आले. पडवीत ओले जोडे काढताना त्यांना समोरचा, झावळ्यांच्या आडोशाने कोरडा राहिलेला तो एकच चौकोन दिसला. त्यांनी रंग चांगला निवडलात म्हणून वडिलांची प्रशंसा केली. मग ते न्हाणीत गेले. बाहेर आल्यावर त्यांनी औषध लिहून दिले आणि आगबोटी केव्हा सुरू होतील एवढेच विचारले.

नारळी पौर्णिमेनंतर आगबोट सुरू झाली. आईला पडावातून बोटीवर चढवताना त्रास होईल म्हणून वडिलांनी दोन माणसे बरोबर घेतली होती. त्यांची गरज लागली नाही. तिला ताप होता आणि ती चालायला सांगितले तशी चालली. मुंबईत इस्पितळाच्या कचेरीत एका माणसाने ठरलेले प्रश्न विचारले. जेवतात का, झोपतात का, अंगावर धावून येतात का, आंघोळ करतात का. वडिलांनी प्रत्येकाचे खरे उत्तर दिले. शेवटच्या प्रश्नाला "करते" म्हणाले आणि पुढे काही बोलणार होते, पण तोवर तो माणूस उठला होता. आईला एका परिचारिकेने आत नेले. तिने मागे पाहिले की नाही हे मला सांगता येत नाही; दार लगेच लागले.

आम्ही गावी परतलो तेव्हा आत्याने पिठले-भात करून ठेवला होता. वडील जेवायला बसले. त्यांचे अर्धे जेवण होईपर्यंत ती चुलीशी बसून होती.

"तिथे न्हाणी कशी आहे?" मग तिने विचारले.

"सगळ्यांची मिळून एक आहे," वडील म्हणाले. "पाळीने नेतात."

आत्याने त्यांना आणखी भात वाढला.